वापरलेला चेंडू

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याला उद्देशून वापरतो. परंतु अंगण खरोखरच वाकडे आहे का, हे तपासून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. फिलिप यंग यांनी ते घेतले.

यंग हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात रबरी वस्तू तयार करणाऱ्या अकुश्नेट कंपनीचे मालक आणि गोल्फचे हौशी खेळाडू होते. १९३०च्या दशकाच्या आरंभी एका खेळात त्यांनी नीट मारलेला हलका फटका छिद्रापासून भरकटला. आपला हात चुकला नाही, चेंडूच सदोष आहे, असे त्यांना वाटले. एवढ्यावर न थांबता त्यांनी एका मित्राच्या मदतीने चेंडूचे क्ष-किरण छायाचित्र काढले. चेंडूचा गाभा मध्यभागी नव्हता! मग फ्रेड बॉमर यांच्या साह्याने त्यांनी गाभ्याभोवती रबराचा धागा एकसारखा गुंडाळणारे यंत्र सिद्ध केले आणि १९३५ मध्ये 'टायटलिस्ट' हा चेंडू बाजारात आणला. त्यावरील नाव कार्यालयातील सचिव हेलन रॉबिन्सन यांच्या वळणदार हस्ताक्षरातील आहे.

मुलीकडे मॅसॅच्युसेट्सला गेलो असताना, उतारवयात, मी हा खेळ शिकू लागलो. नवे चेंडू महाग वाटले, म्हणून वापरलेले घेतले. तळ्यांत पडलेले चेंडू पाणबुडे बाहेर काढतात. ते धुऊन, प्रतवारी लावून विकले जातात. काहींना नवा रंगही देतात. माझ्या एका चेंडूवर कोणा अनोळखी खेळाडूने ओळखीसाठी शाईने काढलेले दोन हिरवे ठिपके होते. प्रतवारी ठरते ती वरच्या कवचावरून. आत काय झाले आहे, ते डोळ्यांना दिसत नाही.

माझे फटके चुकू लागले, तेव्हा मी बिनदिक्कत त्या ठिपकेवाल्या चेंडूला दोष दिला. मुलगी म्हणाली, "बाबा, एकदा तपासून तरी पाहा." मी एक नवा चेंडू आणला आणि छिद्रापासून पाच पावलांवरून दोन्ही चेंडूंनी वीस-वीस फटके मारले. जुना सात वेळा छिद्रात गेला. नवा सहा वेळा.

पाण्यात फार दिवस राहिलेला चेंडू लांबच्या फटक्यात मागे पडू शकतो, हे मला ठाऊक आहे. पण माझे अपयश पाच पावलांचे होते. यंग यांच्या तपासणीत दोष चेंडूत निघाला, माझ्या तपासणीत तो हातात निघाला. आम्हां दोघांनाही आधी खात्री होतीच. मात्र खात्री म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांना खेळताखेळताच उमगले, मला सांगावे लागले.

तुम्हीही कधी नापास झालेल्या परीक्षेचा दोष पुस्तकाला किंवा वयाला दिला असेल. तो कदाचित खराही असेल. पण एकदा तपासून पाहा. मी अजून त्या हिरव्या ठिपक्यांच्या चेंडूनेच सराव करतो.