मुरुमांची कॅप्सूल आणि सेहरीची घाई

नवी मुंबईच्या दमट हवेत तरुण मुलामुलींच्या चेहऱ्यावर मुरुमे येणे यात नवल काही नाही. पण आमच्या कोपरखैरण्याच्या घरात धाकट्या मुलीचे गाल लाल होऊन सुजले, ते नेमके निकाहची बोलणी सुरू असताना. मग सल्ल्यांना ऊत आला. खालाजानने मुलतानी माती सुचवली, शेजारणीने गोरेपणाची ट्यूब आणून दिली. ती स्टिरॉइडची निघाली. असे मलम काही दिवस चेहरा उजळवते आणि पुढे मुरुमे वाढवते, म्हणून आम्ही ते बाजूला ठेवले. त्वचारोगतज्ज्ञांनी डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल आणि सोबत बेन्झॉयल पेरॉक्साइडचे मलम लिहून दिले.

आठवडा झाला तरी फरक दिसेना. “जंतू मारायची गोळी ना? मग गुण का नाही?” अब्बांनी विचारले. खरी गोष्ट अशी की मुरूम हा केवळ जंतूंचा उपद्रव नाही. तेलग्रंथीचे तोंड बुजते, आत तेल साचते, तिथे जंतू वाढतात आणि त्यांच्याशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. लाली, सूज, ठणका ही बरीचशी त्या लढाईची खूण असते. डॉक्सिसायक्लिन जंतूंची वाढ रोखते, शिवाय पांढऱ्या पेशींची गर्दी आणि त्वचेचे तंतू तोडणाऱ्या विकरांचा जोरही कमी करते. अमेरिकेत २००६ मध्ये रोझेशिया या चेहऱ्याच्या विकारासाठी तिची ४० मिलिग्रॅमची कॅप्सूल मंजूर झाली. एवढ्या कमी मात्रेत जंतू मरत नाहीत, पण सूज उतरते. हे काम सावकाश होते. सहा ते आठ आठवडे धीर धरावा लागतो.

तरीही ती प्रतिजैविकच. फार दिवस चालू ठेवली तर जंतू तिला दाद देईनासे होतात. म्हणून डॉक्टर साधारण तीन महिन्यांत ती थांबवतात आणि मलम सोबत देतात. पट्टीवरची लाल रेघ हेच सांगते की चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

रमजान आला तेव्हा मुलगी सेहरीला घाईत दोन घोट दुधाबरोबर कॅप्सूल गिळून पुन्हा आडवी होणार होती. अम्मीने अडवले. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, आणि दुधाने औषधाचा असर कमी होऊ शकतो. डॉक्टरांना विचारून आम्ही वेळ बदलली. इफ्तारनंतर जेवून, पेलाभर पाण्यासोबत, आणि मग तरावीह होईपर्यंत आडवे व्हायचे नाही. दुपारी बाहेर पडताना ओढणीने चेहरा झाकायचा, कारण या औषधाने ऊन जास्त भाजते.

घरात खरा वाद झाला तो उरलेल्या पट्टीवरून. थोरल्या सूनबाईच्या हनुवटीवरही पुळ्या होत्या. “दे तिलाच, पैसे वाया कशाला?” असे फुफीजान म्हणाल्या. सूनबाई पाच महिन्यांची गरोदर होती. या गटातली औषधे पोटातल्या बाळाच्या दातांवर कायमचे डाग पाडू शकतात, हाडांच्या वाढीतही अडथळा आणू शकतात. आठ वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा देत नाहीत. हे ऐकून फुफीजाननी पट्टी स्वतःच परत केली.

मुलीच्या गालांची सूज आता उतरली आहे, डाग जायला आणखी काही महिने लागतील. बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांना आम्ही तसेच सांगितले. चेहऱ्यावर थर चढवून तिला समोर बसवायचे नाही, एवढे घरात ठरले होते.