करवत, बॅटरी आणि आपली देणगी



विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयास आपल्या मंडळाने शस्त्रक्रियेची वापरलेली ड्रिल यंत्रे पाठवावीत, अशी सूचना पुढे आली आहे. मी इंग्लंडमध्ये अस्थिशल्यचिकित्सक असल्याने माझे मत विचारले गेले. मत देण्यापूर्वी थोडे अवजारांविषयी.

आमची अवजारे मुळात सुताराचीच. जॉन चार्नली यांनी १९६२ साली विगनजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात खुब्याच्या सांधेरोपणाचे नवे युग सुरू केले, तेव्हाही हाड कोरण्यास हाताने फिरवायचे गिरमिट होते. नागपुरात शिकताना मीही हँडड्रिलच वापरले. एक हात मूठ फिरवण्यात गुंतलेला, टोक डगमगे. पण हाडाची दुसरी भिंत ओलांडली की बोटांना आपोआप कळे. ते शिक्षण आजही कामी येते.

येथे आल्यावर दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रे पाहिली. हलकी, न थकणारी. मात्र मागे नळीचे शेपूट. माझे एक ज्येष्ठ सहकारी अजूनही त्यांचीच बाजू घेतात. बॅटरीने ते शेपूट गेले आणि वजन आले. लहान हातांच्या आमच्या एक डॉक्टरबाई दिवसाच्या तिसऱ्या गुडघ्यानंतर मनगट चोळत बसतात. ही यंत्रे घडविताना कोणाचे हात मोजले असतील, असा प्रश्न मला पडतो.

खरी अडचण निर्जंतुकीकरणाची. १३४ अंशांच्या वाफेत बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून पुष्कळ ठिकाणी ती वाफेत घालतच नाहीत. बाहेरची परिचारिका ती निर्जंतुक नरसाळ्यातून यंत्राच्या पोटात सोडते. मग नरसाळे काढले जाते आणि हातमोजे घातलेली परिचारिका झाकण लावते. कोणी कोणास शिवायचे नाही! प्रथम हे पाहिले तेव्हा आजी आठवली. तिच्या ओंजळीत पाणी असेच वरून ओतत. पण येथील शिवाशीव जंतूंची आहे, ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते, आणि हातमोजे उतरले की आम्ही सारे एकाच टेबलावर चहा घेतो.

एकदा गुडघा बदलताना करवत मध्येच मंदावली. अशा वेळी जोर लावण्याचा मोह होतो. परंतु घर्षणाने तापलेले हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिले तरी मरू लागते. भरलेली दुसरी बॅटरी तयार होती, म्हणून निभावले.

आता आपला प्रश्न. जुने यंत्र पाठविले तर त्याची थकलेली बॅटरीही सोबत जाईल. नवी त्याच कंपनीची लागते, दुसरी बसत नाही. ती कोण विकत घेणार? यंत्र कपाटात पडून राहील. व्हँकुव्हरच्या अभियंत्यांनी युगांडातील शल्यचिकित्सकांसाठी निराळी वाट काढली: बाजारातील साधे बॅटरी-ड्रिल आणि त्यावर निर्जंतुक करून पुनःपुन्हा वापरता येणारे आवरण. ड्रिल बिघडले तर तालुक्याच्या गावीही दुसरे मिळेल. माझे मत अशा आवरणांच्या बाजूने आहे. मात्र पैसे जमविण्याआधी तेथील डॉक्टरांना फोन करून त्यांना नेमके काय हवे, हे विचारू या.