हळवी नव्हे, करारी

मुलीला काय द्यायचं, हा विचार हल्ली रात्री ओटा पुसताना हटकून येतो. ठेवी आणि दागिन्यांचा हिशेब मांडता येतो. स्वभावाचा कसा मांडणार?

परवा 'श्यामची आई' पुन्हा हातात घेतलं. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. डोळे पुसत वाचायचं पुस्तक, अशीच त्याची ख्याती. मला मात्र या वेळी ती आई करारी वाटली. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती मारून विहिरीकडे पाठवते, कारण मुलाला कोणी भित्रा म्हटलेलं तिला खपत नाही. अस्पृश्यता पाळणाऱ्या गावात ती त्याला महार म्हातारीची मोळी उचलायला धाडते.

मारणं आज मला पटणार नाही. पण धीर आणि माणुसकी, या दोन गोष्टी तिने बरोबर निवडल्या. नम्रता, शिस्त, टापटीप शाळाही शिकवते. वर्गात एकट्या पडलेल्या मुलीशेजारी जाऊन बसायला मात्र दोन्ही लागतात: चार जणी हसतील ते सोसायचा धीर आणि तिचं एकटेपण कळण्याइतकी माणुसकी.

मुलीचे गुण जरूर विचारावेत. पण आज ती कोणाच्या बाजूने उभी राहिली, हेही आपण आईबापांनी विचारायला हवं.