आधी गाणं, मग गोष्ट

नवी सीडी किंवा रेकॉर्ड हातात आली की मी आधी तिची मागची बाजू वाचतो. कुठे रेकॉर्ड केलं, कुणी केलं, कोणत्या लेबलने काढलं, शेवटी आभार कुणाचे मानले. आभारांची यादी तर अगदी सावकाश वाचतो, कारण बँडवाली पोरं आभार मानतात ते बहुतेक वेळा दुसऱ्या बँडचे. कुणी अँप उसना दिलेला असतो, कुणाच्या घरी झोपायची सोय झालेली असते. त्यातली चार नावं शोधून ऐकली की एखादं तरी आपलं होऊन जातं.

इंडी रॉक ऐकणाऱ्याला ही मागची बाजू फार उपयोगी पडते, कारण इथे मोठ्या कंपनीची जाहिरात वाट दाखवायला नसते. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्सनी 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड स्वतःच काढली. घरच्यांकडून आणि मित्रांकडून पैसे उसने घेतले आणि हजार प्रती काढल्या. तिच्या वेष्टणावर प्रत्येक गाण्यापुढे छापलं होतं, की ते कितव्या टेकला जमलं आणि नंतर त्यावर आणखी काय वाजवून चढवलं. म्हणजे स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून जेवायला बसवल्यासारखं. ती चार ओळींची माहिती वाचून किती जणांनी गिटार हातात घेतलं असेल, याचा विचार मी नेहमी करतो.

मागच्या बाजूने मला सगळ्यात लांब नेलं ते 'फ्युनरल'मुळे. माँट्रियलच्या आर्केड फायरचा हा अल्बम २००४ मध्ये आला तेव्हा ऐकणाऱ्या सगळ्यांच्याच तोंडी होता. मला तो अमेरिकेहून आलेल्या मित्राने दिला. मागे लेबल होतं मर्ज. चौकशी केली तर कळलं, की नॉर्थ कॅरोलायनातलं हे लेबल सुपरचंक बँडच्या मॅक मकॉहन आणि लॉरा बॅलन्स या दोघांनी १९८९ मध्ये सुरू केलेलं. वाजवणाऱ्यांनी काढलेलं लेबल आहे म्हटल्यावर त्यात त्यांची स्वतःची आवड दिसणारच, म्हणून मर्जच्या यादीतलं एकेक ऐकत सुटलो. त्या यादीत एक संग्रह होता न्यूझीलंडच्या द क्लीन या बँडचा, विसेक वर्षांपूर्वीच्या गाण्यांचा. 'टॅली हो!' सुरू झालं आणि त्यातल्या कीबोर्डचा तो कर्कश, आनंदी आवाज ऐकून मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

द क्लीन ड्युनेडिनचे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं हे लाख-सव्वा लाख वस्तीचं गाव, म्हणजे आपल्या साताऱ्याएवढं. १९७८ मध्ये हेमिश आणि डेव्हिड किलगोर या दोन भावांनी बँड उभा केला. १९८१ मध्ये क्राइस्टचर्चच्या रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या रॉजर शेफर्डने फ्लाइंग नन नावाचं लेबल काढलं, आणि 'टॅली हो!' ही त्याची दुसरीच रेकॉर्ड देशाच्या यादीत एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत पोचली. तो कीबोर्ड वाजवणारा पोरगा होता मार्टिन फिलिप्स, आणि त्याचा स्वतःचा बँड होता द चिल्स. क्लीनचा बेस वाजवणारा रॉबर्ट स्कॉट पुढे द बॅट्समध्ये गाऊ लागला. १९८२ मध्ये चिल्स आणि आणखी तीन बँड मिळून 'ड्युनेडिन डबल' ही दोन तबकड्यांची रेकॉर्ड निघाली, प्रत्येक बँडला एक बाजू. रेकॉर्डिंग झालं क्राइस्टचर्चच्या एका घरात, ख्रिस नॉक्स या संगीतकाराच्या फोर-ट्रॅक मशीनवर. एक धागा ओढला आणि सगळं गावच हाती लागलं. ते दिवस आठवले की अजून अंगात उत्साह संचारतो.

शेफर्ड दुकानात काम करत होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिसने १९७६ मध्ये रफ ट्रेड हे आधी दुकान काढलं, लेबल दोन वर्षांनी. बेलफास्टच्या टेरी हूलीचं रेकॉर्डचं दुकान होतं. डेरीच्या द अंडरटोन्स या पोरांची 'टीनेज किक्स' १९७८ मध्ये त्यानेच आपल्या गुड व्हायब्रेशन्स लेबलवर काढली. ही माणसं गिऱ्हाईकाच्या समोर उभी होती. आत आलेला माणूस काय चाळतोय, कशापाशी थबकतोय, हे बघून त्याच्यासाठी दुसरी रेकॉर्ड काढून लावायची, हे त्यांचं रोजचं काम. मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये ज्यांनी तासन्‌तास काढले त्यांना हे सांगायला नको. २०१६ मध्ये ते बंद झालं तेव्हा अनेकांना घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं, मलाही. समोरच्या माणसाकडे बघून त्याला गाणं देणं, यातूनच ही लेबलं निघाली, असं माझं ठाम मत आहे. चाहता म्हणून मला जे करायचं असतं तेही एवढंच.

एवढंच म्हणतो खरा, पण ते सोपं नाही. सगळ्यात कठीण असतं गाणं लावल्यावर गप्प बसणं. ज्याने गाणं शोधलेलं असतं त्याच्यापाशी त्याची गोष्टही असते, आणि ती सांगायला जीभ शिवशिवत असते. चिल्सचं 'पिंक फ्रॉस्ट' घ्या. सुरुवातीला गिटार चांगली उजळ, हसरी वाजते. वाटतं, आता छान झुलतं गाणं येणार. मग अचानक ते सगळं थांबतं आणि खालच्या सुरात एक वेगळीच, थंडगार आकृती सुरू होते, तीच फिरत राहते. ड्रम्स पुढे येत नाहीत, खालून एकसारखे चालत राहतात. हे गाणं मी माझ्या भाचीला पाठवलं. ती ड्रम्स शिकते, आणि तिच्या वयाला साजेसं सगळं जोरात वाजवते. पाठवताना मी फक्त बँडचं नाव लिहिलं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मामा, यातला ड्रमर कोण आहे रे?"

"का?"

"किती कमी वाजवतो! मला तर मध्ये एकदा तरी रोल मारल्याशिवाय राहवलंच नसतं. मी करून बघितलं, नाही जमत. हात आपोआप वाढतो."

मग मी तिला सांगितलं. ड्रमरचं नाव मार्टिन बुल. गाणं १९८२ मध्ये रेकॉर्ड झालं आणि पुढच्याच वर्षी तो ल्युकेमियाने गेला. रेकॉर्ड बाजारात आली १९८४ मध्ये, त्याला अर्पण केलेली. जाताना तो आपलं लेदरचं जाकीट फिलिप्सला देऊन गेला होता. त्या जाकिटावर फिलिप्सने केलेलं गाणं १९८६ मध्ये आलं, आणि ते रडकं मुळीच नाही, चांगलं धडधडत जाणारं रॉक आहे. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते पण पाठव. आणि हे आधी सांगितलं नाहीस ते बरं केलंस. मी फक्त तेवढंच ऐकत बसले असते."

तिने पटकन बोलून टाकलं ते मला स्वतःला असं नेमकं मांडता आलं नसतं. मरणाची गोष्ट आधी कळली की ऐकणारा गाण्यात मरण शोधू लागतो. तिने ड्रमरचा संयम ऐकला, आणि तो संयम खरोखर त्या गाण्यात आहे. गोष्ट त्यानंतर कळली तर गाणं आणखी मोठं होतं. आधी कळली तर गाण्याला त्या गोष्टीचं ओझं वाहावं लागतं.

हे शिकलो मी जॉन पीलकडून. १९६७ पासून २००४ मध्ये पेरूत त्याचं निधन होईपर्यंत तो बीबीसीच्या रेडिओ वनवर होता. वर्ल्ड सर्व्हिसवरही त्याचा कार्यक्रम असे, म्हणून नव्वदीच्या दशकात शॉर्टवेव्हवर तो आमच्या घरापर्यंत पोचायचा. आवाज भरतीओहोटीसारखा येई-जाई. गाण्याचा अर्धा भाग खरखरीत बुडे आणि बँडचं नाव नेमकं त्यातच जाई. पण पीलची पद्धत कळायला तेवढं पुरेसं होतं. आवाज चढवायचा नाही, कौतुकाची आतषबाजी करायची नाही. नाव सांगायचं, गाणं लावायचं, संपल्यावर पुन्हा नाव सांगायचं. 'टीनेज किक्स' त्याला इतकं आवडलं की संपल्या संपल्या त्याने ते रेडिओवर लगेच पुन्हा लावलं. कौतुकाचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. जे गाणं आवडलं ते पुन्हा लावायचं.

ओळीने गाणी द्यायची असतील तर मात्र थोडं गवंडीकाम लागतं. मी अजूनही नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूएवढीच, म्हणजे पाऊण तासाची यादी करतो. त्यापुढे ऐकणाऱ्याचं लक्ष टिकत नाही. घरगुती फोर-ट्रॅकवर केलेलं १९८१ चं गाणं अलीकडच्या रेकॉर्डिंगच्या पाठोपाठ लावलं तर बिचारं किरकोळ वाटतं, कारण हल्लीच्या रेकॉर्डिंगची पातळीच खूप चढी असते. ऐकणाऱ्याला वाटतं गाणंच कमजोर आहे. म्हणून जुनं गाणं अगदी सुरुवातीला ठेवायचं, किंवा नुसत्या गिटारवरच्या एखाद्या गाण्यानंतर. ज्याचा शेवट फीडबॅकच्या गोंगाटात होतो त्यानंतर लगेच दुसरा गोंगाट नको. आणि यादीतलं सगळ्यात आवडतं गाणं पहिलं ठेवायचा मोह टाळायचा. तिसरं ठेवलं तर तोवर कान तयार झालेला असतो.

एक गाणं एकाच माणसाला द्यावं, असंही माझं मत आहे. तीसजणांच्या ग्रुपवर टाकलेलं गाणं कुणाचंच नसतं. माझे एक काका शंकर-जयकिशन सोडून फारसं काही ऐकत नाहीत. त्यांना मी दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीच्या 'बिस्मिल्ला' या २०१९ च्या अल्बममधलं 'फ्लोटेड बाय' लावून दिलं. सूर्यकांत साहनीचा जुन्या हॉटेलातल्या गायकासारखा जाडसर, लडिवाळ आवाज आणि मागे ब्रासचा थाट. शब्द इंग्रजी, पण काकांनी शेवटपर्यंत मान हलवत ऐकलं आणि विचारलं, "कुठल्या पिक्चरमधलं रे हे?" भाचीला हाच बँड अजून फार रुचलेला नाही, आणि मी तो विषय काढतही नाही. एखाद्याला गाणं आवडलं नाही तर बाजू मांडत बसू नये. त्याच्यासाठी दुसरं काही शोधावं.

आणि आवडलं तर विकत घ्यावं, ही माझी एकच जबरदस्ती. स्ट्रीमिंगवर ऐकल्याने लहान बँडच्या हाती जवळपास काही पडत नाही. बँडकॅम्पवर डिजिटल अल्बम घेतला तर कंपनी साधारण १५ टक्के कापते, आणि मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी तेही सोडते. मी माझी खरेदी त्या शुक्रवारांसाठी राखून ठेवतो. कार्यक्रमाला गेलो तर टी-शर्ट किंवा सीडी टेबलवरूनच घेतो. पुण्यात २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर सुरू झाल्यापासून इथल्या पोरांना मोठ्या मैदानावर वाजवायला मिळालं, हे खरंच. पण बँड घडतो तो लहान जागांत, मुख्य बँडच्या आधीच्या अर्ध्या तासात, जेव्हा निम्मे लोक अजून बाहेर गप्पा मारत असतात. मी त्या अर्ध्या तासासाठी जातो. पुढे उभा राहतो, पेडलपाशी खाली बघत वाजवणाऱ्या पोराने मान वर केली तर त्याला कुणीतरी ऐकताना दिसावं म्हणून. कार्यक्रमानंतर त्यालाच विचारतो, तुम्ही सध्या कुणाला ऐकता? असं विचारलं की आठवडाभर पुरेल एवढी नावं मिळतात.

येत्या शनिवारच्या कार्यक्रमाला सुरुवात करणारा बँड माझ्या ओळखीचा नाही. त्यांचं एकच गाणं ऐकलंय, आणि त्यातला ड्रमर फार वाजवतो. भाचीसाठी तिकीट काढलंय. साडेसातला दारात हजर राहा, असा निरोप दिलाय, आणि बँडबद्दल तिला अजून काही सांगितलेलं नाही.