अंदाज करावा काय?

गेल्या वर्षी वैशाखात एका तिसऱ्या प्रहरी माझा एक जुना विद्यार्थी धुळ्याहून आपल्या कन्येस घेऊन जळगावास आमच्या घरी आला. चार दिवसांनी तिची ‘नीट’ परीक्षा होती. नमस्कार करून उठताना तिने विचारले, “आजोबा, चार पर्यायांपैकी दोन चूक आहेत हे कळले, पण उरलेल्या दोहोंत निश्चय होईना, तर अंदाज करावा का?”

बाप हसला, मी मात्र निरुत्तर झालो.

ह्या परीक्षेत बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकल्यास एक जातो, कोरे सोडल्यास काहीच नाही. मी कागद घेऊन हिशेब मांडला. चार प्रश्न डोळे मिटून सोडविले, तर सरासरीने एक साधतो, तीन चुकतात. चार आले, तीन गेले, एक पदरी उरला. दोन पर्याय बाद झाले असतील तर लाभ याहूनही अधिक. गणिताने कौल दिला: अंदाज करावा. परंतु मी तर जन्मभर वर्गात सांगत आलो, की अन्वय लागला नाही तर ‘लागला नाही’ असे म्हणावे. ठोकून देऊ नये!

प्रवेशपरीक्षेस नावे ठेवणे सोपे आहे. तथापि जिच्याविषयी आपल्या घराघरांतून अभिमान बाळगला गेला, ती मॅट्रिकही मुळात मुंबई विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाच होती. १८५९ साली ती प्रथम झाली. रानडे व भांडारकर त्याच दाराने आत गेले. परीक्षकापुढे कुळ नसते, वशिला नसतो, केवळ क्रमांक असतो, हे तिचे मोठे पुण्य. धुळ्याच्या किंवा २०१८ साली निघालेल्या जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शेतकऱ्याच्या मुलीस जागा मिळते, ती आज ‘नीट’च्याच दाराने. २०२४ साली पाटणा व हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड झाले, सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षा मात्र नाकारली. तेव्हा त्या पुण्यासही डाग लागला, हे खरे.

मग माझे मलाच आठवले. संस्कृतात गुण भरभरून मिळतात, एवढेच सांगून मी कितीक मुलांना त्या विषयाकडे वळविले. रूपे घोकून घेतली, पैकीच्या पैकी गुण आणविले. पुढे त्यांतील किती जणांनी एखादा श्लोक स्वतः लाविला, हे विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. तिचा बापही त्यांपैकीच एक. मग उपदेश करण्याचा माझा अधिकार तो केवढा?

अखेर मी म्हणालो, “बाळ, अंदाज कर. नियम त्यांचा आहे, त्यात लबाडी नाही. मात्र जेथे अंदाज केलास तेथे खूण करून ठेव. प्रश्नपत्रिका घरी आणता येते ना? मग गुण मिळो वा जावो, तो प्रश्न पुन्हा उघड. उद्या रोग्याच्या उशाशी कोणी चार पर्याय लिहून ठेवणार नाही.”

परीक्षेनंतर आठ दिवसांनी तिचा फोन आला. निकाल अजून लागावयाचा होता. ती म्हणाली, “आजोबा, अकरा ठिकाणी अंदाज केला होता. नऊ प्रश्न पुन्हा करून पाहिले. दोन राहिले आहेत.”

फोन ठेवून मी कपाटातून मेघदूत काढले. त्यातील एका श्लोकाचा अन्वय मीही वर्षानुवर्षे अंदाजानेच सांगत आलो होतो.