पलीकडच्या फौजेतला माणूस

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला अद्भुताचं नवल वाटू नये, असं आमच्या शाळेतले सहकारी म्हणतात. त्यात तथ्य आहे. उर्दूत 'दास्ताने अमीर हमजा' आहे. लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं तिचे ४६ जाडजूड खंड छापले. त्यातली 'तिलिस्मे होशरुबा' १८८३पासून छापून येऊ लागली. जादूगारांचा बादशहा अफरासियाब, अमर अय्यारची सगळी दुनिया मावणारी झंबील, हे मी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलं. त्यामुळं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पाहायला बसलो तेव्हा यात आपल्याला नवीन काय मिळणार, असंच मनात होतं.

मे महिन्याची सुट्टी होती. आम्ही चौघे शिक्षक एकाच्या घरी जमलो. दोघे आमच्या उर्दू शाळेतले, दोघे मराठी शाळेतले. पीटर जॅक्सननं २००१, २००२ आणि २००३ साली आणलेले हे तीन चित्रपट. त्यांची लांबवलेली आवृत्ती अकरा तासांच्या वर जाते. आम्ही ती दोन दिवसांत पाहिली. मधे वहिनींचे पोहे, चहा आणि लाईट गेल्यावरच्या गप्पा.

टॉल्किनची मूळ कादंबरी १९५४-५५ साली तीन भागांत आली. गोष्ट एका अंगठीची. जो ती घालेल त्याला अफाट ताकद मिळते, आणि म्हणूनच ती वापरायची नाही, नष्ट करायची. आमच्या दास्तानीत तिलिस्म फोडायला 'लौह' शोधावी लागते. ती मिळाली की काम फत्ते. इथं हाती असलेली वस्तू टाकून देण्यासाठी एवढी पायपीट! हे मला फार आवडलं.

दुसऱ्या भागात जंगलातून एक फौज जाते. अवाढव्य हत्ती, तोंडावर फडकी गुंडाळलेले सावळे सैनिक. ही दक्षिणेकडची, हरादची माणसं, सैतानाच्या बाजूनं लढायला निघालेली. मराठी शाळेतला माझा मित्र हसत म्हणाला, ''आले बघा सर, तुमच्याकडचे!''

माझ्या मुलीला रात्री ताप चढला तेव्हा मोटारसायकल काढून डॉक्टरला घेऊन येणारा हा माणूस. त्याच्या बोलण्यात काटा नव्हता. मीही हसलो. चित्रपटाचं मुख्य चित्रीकरण २०००च्या अखेरीसच संपलं होतं. म्हणजे सप्टेंबर २००१चा तो हल्ला व्हायच्या आधी. टॉल्किननं तर त्याच्याही कितीतरी आधी लिहिलेलं. दाखवणाऱ्याच्या मनात काही असेल-नसेल. पण पाहणारा मात्र आपल्या काळातले चेहरे त्या फडक्यांमागे पाहतो.

तेवढ्यात पडद्यावर त्या फौजेतला एक सैनिक मरून पडला. त्याला मारणाऱ्यांचा सरदार फॅरामिर त्याच्याजवळ थांबतो. याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट होता का, की कुणी धमकावून याला घरापासून इतक्या लांब आणलं, असं तो स्वतःशीच बोलतो. कादंबरीत हा विचार साध्यासुध्या सॅमच्या मनात येतो. चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीत हा प्रसंग नव्हता. खोलीत कुणी बोललं नाही. मित्रानं फक्त आवाज थोडा वाढवला.

तिसऱ्या भागात तेच हत्ती पुन्हा आले आणि एका धनुर्धराने त्यातला एक एकट्याने लोळवला. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. त्या हत्तीवर किती माणसं होती, हे टाळी वाजवताना कुणाच्या ध्यानात राहतं?

रात्री घरी जाताना होशरुबा आठवली. तिथं पलीकडे साहिर, म्हणजे जादूगार. हरल्यावर त्यांनी दीन कबूल करायचा, नाहीतर गर्दन द्यायची. मलिका महरुखसारखी एखादी मानी जादूगारीण आपल्या बाजूला येते आणि तिला नाव, रूप, रुबाब मिळतो. बाकी हजारो बिनावाचा मरतात. आजोबांच्या पुढ्यात बसलेल्या आम्हा पोरांपैकी कुणी त्यांतल्या एकाचंही नाव विचारलं नव्हतं. म्हणजे तक्रार करायची तर ती इंग्रजी गोष्टीपाशी थांबत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर नववीच्या वर्गाला मी दास्तानीतल्या एका लढाईचा उतारा सोपा करून सांगितला. मग अर्धं पान लिहायला दिलं : अफरासियाबच्या फौजेतल्या साध्या शिपायाचं आपल्या अम्मीला पत्र. एका मुलीनं लिहिलं, 'शेळी व्याली असेल तर कळव.' एका मुलानं लिहिलं, 'तीन महिन्यांचा पगार बाकी आहे, म्हणून पळताही येत नाही.' ही पत्रं मी त्या मित्राला मराठीत करून वाचून दाखवली. पगाराच्या वाक्यावर तो खूप हसला, मग म्हणाला, ''माझ्याही वर्गाला देतो लिहायला. आमच्याकडंही राक्षस पुष्कळ आहेत.''

शेवटच्या बाकावरच्या एका पोराची वही मात्र कोरीच होती. ''सर, दुश्मनाला कसली अम्मी?'' असं त्यानं विचारलं. मी त्याला रागावलो नाही. वही त्याच्याकडेच ठेवायला सांगितली आहे.