अप्पर-डिपर

आमच्या जीपचे दिवे बदलून एलईडी बसवावेत की नाही, हा प्रश्न आमच्या घरात गेल्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत चर्चेत होता. वाङ्मयाच्या वाचकांना हा विषय गॅरेजातला वाटेल. तो तसा आहेही. परंतु आम्ही दोघेही एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, एकाच जीपने येतो-जातो, आणि संध्याकाळच्या तासिका संपवून कराडकडे परतताना रोज तासभर काळोखात असतो. त्या तासाभरात दिव्यांखेरीज विचार करण्यासारखे फारसे काही नसते.

जीप १९९७ ची. शेतासाठी म्हणून घेतलेली, पुढे शेत वाटणीत गेले आणि जीप आमच्याकडे राहिली. पंधरा वर्षे उलटल्यावर पुनर्नोंदणी झाली, पर्यावरण कर भरला, आणि नंतर दर पाच वर्षांनी हाच विधी. तिचे पुढचे दिवे गोल, सात इंची, जाड काचेचे. त्या काचेवर उभ्या रेघा आहेत. त्या शोभेच्या नाहीत; आरशावरून परतलेला प्रकाश रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरवण्याचे काम त्या करतात. आत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब, अप्परला ६० वॅट, डिपरला ५५. एकाच बल्बात दोन तारा. त्यातल्या डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. त्या वाटीमुळे आरशाच्या खालच्या भागावर प्रकाश पडतच नाही, आणि म्हणून समोरच्याच्या डोळ्यांकडे जाणारा झोत कापला जातो. एवढ्याशा पत्र्यात समोरून येणाऱ्याचा इतका विचार केलेला आहे, हे आम्हांला बल्ब हातात घेऊन पाहिपर्यंत ठाऊक नव्हते.

आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनचे मत स्पष्ट होते. "सर, ह्या मेणबत्त्या काढा आता. एलईडी टाका, रस्त्यावर दिवस उगवंल." मेणबत्ती हा शब्द त्याने अतिशयोक्तीने वापरला नव्हता. पावसात कुंभार्ली घाट उतरताना आमच्या पिवळ्या उजेडात कठडा आणि दरी यांतला फरक कधीकधी केवळ श्रद्धेने ओळखावा लागे. त्याच घाटात समोरून नवी गाडी आली की तिच्या उजेडात आम्हांला आमचाच रस्ता दिसे. हेवा वाटावा असेच ते होते.

तरी आम्ही थांबलो, त्याला कारण होते. आदल्या गळिताच्या हंगामात आमचा तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी मोटरसायकलवरून गावी जाताना उसाच्या बैलगाडीवर मागून आदळला. गाडीला दिवा नव्हता, लाल पट्टीही नव्हती. पण तो सांगतो ते वेगळेच. समोरून येणाऱ्या एका गाडीचा झोत डोळ्यांवर आला आणि, त्याच्या शब्दांत, "काळोख नाही सर, सगळं पांढरं झालं." त्या पांढऱ्यात बैलगाडी होती. एक वर्ष त्याचे गेले. पाय अजून पुरता त्याचा झालेला नाही. तो कुबडी बाकाला टेकवून बसतो आणि आम्ही त्याला भाषेचा इतिहास शिकवतो.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक गंमत नोंदवतो. दीप, दीप्ती, प्रदीप हे सारे ज्या धातूपासून आले, त्याच धातूपासून आपले 'दिपणे'ही आले. ज्ञानेश्वरीचे दुसरे नाव 'भावार्थदीपिका'; तिथे दीप अर्थ दाखवतो. आणि डोळे दिपतात तेव्हा समोरचा अर्थ, रस्ता, बैलगाडी, सारेच नाहीसे होते. दाखवणे आणि दिसेनासे करणे ही दोन्ही कामे मराठीने एकाच धातूवर सोपवली. मालमोटारींच्या मागे 'यूज डिपर ऍट नाईट' असे लिहिलेले असते. तिथला डिपर इंग्रजीतला, झोत खाली वाकवणारा. पण आमच्या एका विद्यार्थिनीने तो दिपवण्यातला दिपर समजून नेमका उलटा अर्थ लावला होता. रस्त्यावर रात्री जे चालते ते पाहता तिचे व्युत्पत्तिशास्त्र चुकीचे असले तरी निरीक्षण बरोबर होते. असो.

तर आम्ही परीक्षा घ्यायचे ठरवले. ती आमच्या पेशाला साजेशीही. इलेक्ट्रिशियनकडून एलईडी बल्बांची जोडी दोन दिवस बोलीवर आणली. महाविद्यालयाच्या आवारातल्या सपाट जागी, भिंतीपासून पंचवीस फुटांवर जीप उभी केली आणि दिव्यांच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढली. आधी जुना हॅलोजन. डिपरचा उजेड मंद, पण त्याला वरून काठ होता. खडूच्या रेघेखालीच तो थांबत होता आणि डाव्या बाजूला तिरका वर चढत होता. आपण डावीकडून चालतो. डाव्या कडेचा पादचारी दिसावा, उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत, म्हणून ही तिरपी चढण. मग एलईडी. भिंत उजळून निघाली. पण काठ विरघळला होता. रेघेच्या वर हातभर पांढरे धुके पसरले होते.

याचे कारण त्या बल्बाच्या घडणीतच आहे. हॅलोजनची तार म्हणजे बारीक दंडगोल. ती चहूबाजूंनी उजळते आणि आरशाचा प्रत्येक बिंदू त्या तारेच्या जागेचा हिशेब धरून वळवलेला असतो. एलईडीच्या चकत्या चपट्या असतात, पट्टीच्या दोन अंगांना चिकटवलेल्या. तार जिथे होती तिथेच त्या बसवण्याचा चांगले उत्पादक कसून प्रयत्न करतात, तरीही उजेड दोन बाजूंनाच जास्त फेकला जातो. दिवा नवा, आरसा मात्र जुन्या दिव्याच्या आठवणीत. जर्मनीत २०२० पासून असे काही बदली एलईडी बल्ब रस्त्यावर चालतात, पण ठराविक गाड्यांच्या ठराविक दिव्यांपुरते, प्रत्येक जोडी तपासून. मुळातच एलईडीसाठी घडवलेला अख्खा दिवा ही गोष्ट वेगळी. त्याचा आरसा आणि भिंग त्याच्याच मापाचे असते.

भिंतीवर आमचे समाधान होईना. मग आमच्यापैकी एक जीपमध्ये बसला आणि दुसरी स्कूटरवर समोर थांबली. हॅलोजनच्या डिपरमध्ये तिला जीपचे बंपर दिसत होते. एलईडीच्या डिपरमध्ये जीप नव्हती, आवार नव्हते. दिवे मालवल्यावर ग्रंथालयाची पायरी दिसायला तिला किती वेळ लागला ते आम्ही मोजले नाही. आवाज देत राहिलो.

इथे खरे तर निर्णय झाला होता. पण मेणबत्तीचा प्रश्न उरला होता, आणि त्याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने व्होल्टमीटर लावून दिले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बाच्या पायाशी ११.४. मधले व्होल्ट गेले कुठे? डॅशबोर्डवरच्या जुन्या बटणात, बारीक झालेल्या तारांत, गंजलेल्या अर्थिंगमध्ये. दोन दिव्यांचा सारा विद्युत्प्रवाह त्या एका बटणातून वळसा घालून येत होता. तारेच्या दिव्याचा स्वभाव असा की व्होल्ट थोडे घटले तरी उजेड फार घटतो. आमच्या बल्बांना मिळत होते त्यात उजेड जवळजवळ निम्म्यावर आला होता. म्हणजे सत्तावीस वर्षे जुन्या वायरिंगची उपासमार आम्ही हॅलोजनच्या माथी मारत होतो. एलईडीला वीज निम्म्याहून कमी लागते आणि व्होल्टच्या चढउताराची तो पर्वाही करत नाही. जुन्या गाडीत तो एवढा दिमाखदार दिसतो त्यातला मोठा वाटा या उपाशी प्रतिस्पर्ध्याचा आहे.

रिले बसवले. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत जाड तारा टाकल्या, मध्ये फ्यूज. बटणाकडे आता केवळ हुकूम देण्याचे काम. अर्थिंग घासून नवे केले, आरसे काळपट झाले होते म्हणून दिव्यांचे गोळे नवे घेतले, बल्ब चांगल्या कंपनीचे पण तेच ६०/५५. शंभर वॅटचे बल्ब स्वस्तात मिळत होते. नियमाबाहेरचे आणि तारा वितळवणारे म्हणून नाकारले. कायद्याचेही पाहिले होतेच. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२; आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याचा लावलेला अर्थ असा की उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ स्वरूपात बदल करता येत नाही. मात्र खरे सांगायचे तर रस्त्यावर हे कुणी विचारत नाही, आणि आमचा निर्णयही कलमाने केला नाही.

घाट आता दिसतो. दिवस उगवत नाही, पण कठडा आणि दरी वेगळी कळते. नव्या गाड्यांचा हेवा पुरता गेला असे म्हणवत नाही. इलेक्ट्रिशियन मात्र नाराज आहे. शिकल्या-सवरल्या माणसांनी पैसे खर्चून पिवळा उजेड घ्यावा हे त्याला पटत नाही.

एलईडीसाठी काढलेल्या पैशांतले काही उरले होते. त्याचे लाल परावर्तक पट्ट्यांचे गुंडाळे आणले. या पट्टीचे वैशिष्ट्य असे की प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेला ती तो परत पाठवते. त्यामुळे मंद दिव्यालाही ती लांबून दिसते. कारखान्याच्या वाटेवर बैलगाड्यांची रांग थांबते तिथे एका संध्याकाळी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो. कुबडीवाला विद्यार्थीही आला. कात्री त्याच्याकडे होती. बीडकडून आलेल्या एका गाडीवानाने आमचे काम बराच वेळ पाहिले, मागच्या फळीवरची पट्टी अंगठ्याने दाबून पाहिली, आणि म्हणाला, "सर, गाडीला लावली ती ब्येस झालं. पर समोरून येणाऱ्याला आधी बैलच दिसत्यात. शिंगालाबी लावा की थोडी."

शिंगांना पट्टी चिकटेना. शेवटी दोऱ्याने बांधली.